पदवीनंतरच्या प्रवेशपरीक्षा आणि पीजीचा उपयोग: नेहमी येणारे प्रश्न

शेवटच्या वर्षाचे निकाल लागले की हे प्रश्न येऊ लागतात आणि दिवाळीनंतर त्यांना पूर येतो. विचारणारे बहुतेक पुण्यातले, किंवा शिकायला पुण्यात येऊन राहिलेले. काही प्रश्न पालकांचेही आहेत. वैद्यकीय शाखेची नीट-पीजी हा स्वतंत्र विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

१. पदवी झाली. आता पीजीसाठी नेमकी कोणती परीक्षा द्यायची?

आधी कुठे शिकायचंय ते ठरवा, मग परीक्षा आपोआप ठरते. बहुतेक जण नेमकं उलट करतात: मित्र गेट देतोय म्हणून गेटचा फॉर्म भरतात आणि मार्क आले की कॉलेज शोधायला बसतात.

इंजिनिअरिंगनंतर एमटेक करायचं तर गेट. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम. तिचे सात पेपर आहेत: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, भूविज्ञान, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र. दिल्ली, हैदराबाद, बनारस अशा केंद्रीय विद्यापीठांत जायचं तर सीयूईटी-पीजी. एमबीएसाठी आयआयएमची कॅट, महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी राज्याची एमबीए-सीईटी, सिम्बायोसिससाठी स्नॅप. एलएलएमला राज्याची वेगळी सीईटी आहे आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट-पीजी.

पुण्यातच राहायचं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागांची स्वतःची ऑनलाइन प्रवेशपरीक्षा असते (प्रश्न ४ पाहा). त्याशिवाय अर्थशास्त्रासाठी १९३० साली स्थापन झालेली गोखले इन्स्टिट्यूट आहे. पुरातत्त्व आणि भाषाशास्त्रासाठी येरवड्याच्या बाजूचं डेक्कन कॉलेज आहे. हे डेक्कन कॉलेज पुण्याबाहेरच्या अभ्यासकांना पक्कं माहीत असतं, पेठांतल्या मुलांना मात्र त्याचा पत्ता सांगावा लागतो.

२. गेट तिसऱ्या वर्षाला असताना देता येते का? पेपर कसा असतो?

देता येते. पदवीच्या तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वर्षाला असलेल्यांना परवानगी आहे. परीक्षा साधारण फेब्रुवारीत होते. आयआयएससी आणि सात जुन्या आयआयटी मिळून ती घेतात.

तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांतले १५ गुण जनरल अॅप्टिट्यूडचे, म्हणजे साधं इंग्रजी, आकडेमोड आणि तर्क. हे १५ गुण मुलं फुकट घालवतात. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स केलं, आता टक्केवारी काय करायची, असा तोरा असतो.

निगेटिव्ह मार्किंग फक्त एकच उत्तर बरोबर असलेल्या पर्यायी प्रश्नांना आहे: एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. अनेक उत्तरं बरोबर असणारे प्रश्न आणि आकडा टाइप करायचे प्रश्न, या दोन्हींना गुण कापत नाहीत. म्हणून तिथे काहीतरी भरूनच उठा. खिशातला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचा वापरावा लागतो आणि तो माउसने चालवावा लागतो. घरी सराव करताना पहिल्या दिवसापासून तोच वापरा, नाहीतर पेपरात हात अडखळतो.

३. कॅट, सीईटी आणि स्नॅप या तिन्हींचा अभ्यास एकत्र होतो का?

विषय सारखे आहेत, खेळ वेगळा आहे.

कॅट नोव्हेंबरअखेर होते. तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं, आणि एका विभागातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ वजा. इथे कोणता प्रश्न सोडायचा हे कळणं हेच निम्मं कौशल्य. एमबीए-सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. तिथे वेग लागतो आणि एकही गोल रिकामा ठेवायचा नसतो. स्नॅप ६० मिनिटांची, चुकीला पाव गुण वजा, आणि एका वर्षात तीनदापर्यंत देता येते. त्यातला सर्वांत चांगला निकाल धरतात.

पाया एकदाच घाला: अंकगणित, वाचन, मांडणीची कोडी. मग नोव्हेंबरपर्यंत कॅटचे मॉक (सराव पेपर) आणि कॅट झाल्यावर फक्त सीईटीच्या वेगाचा सराव. कॅटची सवय लागलेला मुलगा सीईटीत एका प्रश्नावर विचार करत बसतो, हे दरवर्षी दिसतं. आणि सीईटीतली सगळी मदार त्या एका दुपारी किती प्रश्न हातावेगळे केले यावरच असते.

४. पुणे विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला क्लास लावावा लागतो का?

नाही. आपल्या पदवीचा अभ्यासक्रम नीट वाचलेल्या विद्यार्थ्याला ती जमते. अडचण वेगळीच असते: लोक अर्जाची तारीख चुकवतात. विभागवार पात्रता, जागा आणि वेळापत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येतं, व्हॉट्सअॅपवरचे फॉरवर्ड बघू नका.

एक गोष्ट मात्र तपासा. गणेशखिंडच्या आवारातल्या विभागात शिकणं आणि संलग्न कॉलेजात तोच एमए किंवा एमएस्सी करणं, पदवीवर नाव विद्यापीठाचंच असलं तरी अनुभव सारखा नाही. आवारात जयकर ग्रंथालय हाताशी असतं, आणि विज्ञानवाल्यांना आयुका, एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांची व्याख्यानं चालत जाऊन ऐकता येतात. ज्याला पुढे संशोधन करायचंय त्याने हा फरक हलका समजू नये.

५. एकदा मिळालेला स्कोअर किती वर्षं चालतो?

गेटचा तीन वर्षं. जॅमचा फक्त त्याच वर्षीच्या प्रवेशाला. कॅटचा एक वर्ष. परदेशी शिकायला जाताना लागणाऱ्या परीक्षांपैकी जीआरईचा पाच वर्षं, इंग्रजीच्या आयईएलटीएसचा दोन.

६. क्लास लावू की घरी अभ्यास करू? अभ्यासिकेत नाव घालू का?

क्लास दोन गोष्टी देतो, वेळापत्रक आणि मॉक. दोन्ही स्वतः उभी करता येत असतील तर पैसे वाचवा. गेट आणि जॅमसाठी आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं फुकट आहेत, आणि मागच्या वर्षांचे पेपर आयोजक संस्थाच देतात. अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारलीत तर जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात. या परीक्षांचा पाया वर्षावर्षाला बदलत नाही, त्यामुळे ताजी आवृत्तीच हवी हा हट्ट नको.

अभ्यासिकेचं उत्तर घरावर अवलंबून आहे. दोन खोल्यांत पाच माणसं असतील तर सदाशिव पेठेतली एक खुर्ची खरंच लाखमोलाची. पण अभ्यासिकेत बारा तास बसणं म्हणजे बारा तास अभ्यास नव्हे. खाली चहाच्या टपरीवर कट-ऑफची चर्चा करण्यात जो वेळ जातो तो कोणी मोजत नाही.

एक आग्रहाने सांगते. पहिला मॉक पुस्तक उघडण्यापूर्वी द्या. मार्क वाईटच येतील, पण आपलं घोडं नक्की कुठे अडतं ते कळेल. "अभ्यास पूर्ण झाला की मॉक देईन" म्हणणाऱ्यांचा अभ्यास कधी पूर्ण होत नाही.

७. हिंजवडीत नोकरी आहे. सोडून अभ्यास करू की नोकरी सांभाळून?

कॅट आणि सीईटीसाठी नोकरी सोडू नका. कॅटच्या अनेक संस्थांत अनुभवाला प्रवेशात वजन असतं आणि मुलाखतीत "वर्षभर काय केलंत?" या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. कंपनीच्या बसमधला वेळ वाचनाला द्या आणि शनिवार-रविवार मॉकला. वाकडच्या सिग्नलला जाणारा वेळ कोणीतरी सत्कारणी लावायलाच हवा.

गेटचं थोडं वेगळं आहे. कॉलेज सोडून तीन-चार वर्षं झाली असतील आणि कामाचा मूळ विषयाशी संबंध उरला नसेल, तर शेवटचे दोन-तीन महिने बिनपगारी रजा मिळते का ते पाहा. राजीनामा हा शेवटचा उपाय.

८. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजीमुळे मागे पडेन का?

गेट, जॅममध्ये जवळजवळ नाही. विषयाचं इंग्रजी तुम्ही पदवीत वाचलेलंच आहे. कॅटच्या वाचनविभागात सुरुवातीला पडाल. तिथे शब्दांच्या याद्या पाठ करून काही होत नाही. रोज एक लांब इंग्रजी लेख वाचायचा आणि त्यातला मुद्दा मराठीत तीन ओळींत लिहायचा. लेखक काय म्हणतोय हे ज्याला स्वतःच्या भाषेत मांडता येतं, त्याचे त्या विभागातले प्रश्न सुटतात.

९. यंदा राहिलं. ड्रॉप घेऊ का?

मार्क का कमी पडले ते आधी लिहून काढा. अभ्यासक्रमाचा मोठा भाग वाचलाच नव्हता, तर आणखी एक वर्ष दिलं तर फरक पडतो. सगळं वाचूनही मॉकमध्ये आणि परीक्षेत तेवढेच मार्क येत असतील, तर तीच पद्धत पुन्हा वर्षभर वापरून आकडा हलत नाही. तेव्हा मिळतंय ते कॉलेज घ्यायचं किंवा नोकरी धरायची आणि परीक्षा जोडीने द्यायची.

दुसऱ्या ड्रॉपला माझा सरळ विरोध आहे. अपवाद एकच: घरातलं आजारपण किंवा तसंच काही कारण असेल आणि पहिलं वर्ष खऱ्या अर्थाने मिळालंच नसेल.

१०. आम्ही पालक आहोत. मुलीला एमए करायचंय. त्या डिग्रीला आज काही किंमत आहे का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

काही कामांसाठी पदव्युत्तर पदवी ही कायद्याने किंवा नियमाने लागतेच. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एमएला किमान ५५ टक्के आणि त्यावर नेट, सेट या पात्रता परीक्षा किंवा पीएचडी (आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत आहे). अकरावी-बारावीला शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी आणि बीएड. संशोधन करायचं तर पदव्युत्तर शिक्षण हाच मुख्य रस्ता आहे. या ठिकाणी "किंमत आहे का" हा प्रश्नच गैरलागू. पदवी नसेल तर अर्जसुद्धा करता येत नाही.

पण पदवी असली म्हणजे नोकरी आहे असं नाही, आणि हे मुलीला कोणीतरी आधीच सांगायला हवं. महाराष्ट्रात नेट-सेट झालेले कित्येक जण वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. कायमस्वरूपी पदांची भरती रखडत रखडत होते. प्राध्यापकी हेच एकमेव ध्येय असेल तर ही वाट पाहण्याची तयारी घरानेही ठेवायला हवी.

दुसरीकडे, जिथे पदवी सक्तीची नाही तिथे एमएची किंमत विषयाबरोबर आणखी काय शिकली यावर ठरते. अर्थशास्त्राच्या एमएबरोबर संख्याशास्त्र आणि एखादी संगणकीय भाषा येत असेल तर बँका, संशोधन संस्था आणि कंपन्यांत कामं आहेत. भाषेच्या एमएबरोबर अनुवाद, संपादन, परकीय भाषा जोडता येते. मानसशास्त्रात समुपदेशनाचं प्रशिक्षण कुठे मिळतं हे एमएला प्रवेश घेतानाच पाहावं.

आणि एक वाक्य पालकांसाठी. "लग्न होईपर्यंत काहीतरी शिकू दे" या हिशेबाने एमए करवू नका. दोन वर्षं तिची आहेत, ती कशासाठी घालवायची ते तिला ठरवू द्या.

११. एमबीए कुठूनही केलं तर चालतं ना? शेवटी डिग्री ती डिग्री.

नाही चालत. एमबीएला तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः तिथे येणाऱ्या कंपन्यांसाठी आणि शेजारी बसणाऱ्या मुलांसाठी.

हिशेब करून पाहा. समजा आज पगार वर्षाला ४ लाख आहे आणि कॉलेजची दोन वर्षांची फी १० लाख. खरा खर्च १० नव्हे, १८ लाख, कारण दोन वर्षांचा पगारही सोडलात. बाहेर पडल्यावर ६ लाख मिळाले तर वर्षाला फायदा २ लाख. फेड व्हायला नऊ वर्षं, कर्जाचं व्याज धरलेलंच नाही. याउलट सीईटीत चांगले मार्क मिळवून कमी फीच्या सरकारी किंवा विद्यापीठाच्या संस्थेत २ लाखांत काम झालं आणि ८ लाखांची नोकरी लागली, तर १० लाखांचा खर्च अडीच वर्षांत निघतो. पुण्यात पुम्बा, मुंबईत जमनालाल बजाज आणि सिडनहॅम यांच्यासाठी मारामारी होते ती उगीच नाही.

प्लेसमेंटची माहितीपत्रकं वाचताना "सर्वोच्च पॅकेज" या ओळीवर बोट ठेवून पुढे जा. मध्यम पगार (मीडियन, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) किती, किती मुलं प्लेसमेंटला बसली आणि किती लागली, ते विचारा. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा.

१२. सी-डॅकचा कोर्स करू की एमटेक?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सी-डॅक ही केंद्र सरकारची संगणक संशोधन संस्था. तिचा पीजी-डॅक हा साधारण सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. तो सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आहे, पदवी नाही. इंजिनिअरिंगमध्ये प्लेसमेंट हुकलेल्या, पण कोडिंगची आवड असलेल्या मुलाला तो लवकर उभा करतो.

एमटेक चांगल्या ठिकाणी, गेटच्या जोरावर मिळत असेल तर करा. गेट असेल तर दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्तीही मिळते. गेटशिवाय उरलेल्या जागेवर, शिष्यवृत्ती नसताना, फी भरून केलेल्या एमटेकचा फायदा फार थोड्यांना झालेला पाहिला आहे.

१३. परदेशात एमएस करायचंय. जीआरई लागतेच का? जर्मनीत खरंच फुकट असतं?

जीआरई अनेक विद्यापीठांनी ऐच्छिक केली आहे, काहींनी ठेवली आहे. विद्यापीठांची यादी काढून मगच ठरवा. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा लहान झाली आहे, दोन तासांच्या आत संपते.

तीन वर्षांची पदवी असलेल्यांनी अमेरिकेचा अर्ज भरण्याआधी जपून: तिथली काही विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात आणि आपलं पंधरा भरतं.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. राहण्याचा खर्च कुठेच चुकत नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा २०२४ चा आकडा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) सक्तीचं आहे आणि त्याला वेळ लागतो. जर्मन भाषेची सोय पुण्यात चांगली आहे: बोट क्लब रोडचं मॅक्स म्युलर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट. कोर्स इंग्रजीत असला तरी भाषा शिकूनच जा, अर्धवेळ काम आणि घर शोधताना तीच उपयोगी पडते.

१४. चौथं वर्ष करून ऑनर्स घेऊ की तीन वर्षांनी बाहेर पडू?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर पीजी दोन वर्षांची, चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची. एकूण पाच वर्षंच. दुसऱ्या विद्यापीठात किंवा आयआयटीत जायचं असेल तर तीन वर्षांनी बाहेर पडणं सोयीचं, कारण एक वर्षाची पीजी सगळीकडे असेलच असं नाही. परदेशात जायचं असेल (प्रश्न १३) किंवा थेट पीएचडीकडे वळायचं असेल तर चौथं वर्ष कामाचं: चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एमए न करताही पीएचडीसाठी नेट देता येते.

१५. नेट ही पीजीची प्रवेशपरीक्षा आहे का?

नाही. ती पीजीच्या शेवटच्या वर्षाला किंवा नंतर द्यायची (चार वर्षांच्या पदवीचा अपवाद वर आला आहे). तिच्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती), सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि २०२४ पासून पीएचडी प्रवेशही होतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेतं. यूजीसी-नेट आणि सेटला निगेटिव्ह मार्किंग नाही, विज्ञान विषयांच्या सीएसआयआर-नेटला मात्र आहे.

१६. एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. सोबत एमए करू का?

एमपीएससीला आणि यूपीएससीला पदवी पुरते, एमएने पात्रतेत काही वाढत नाही. तरी माझं उत्तर हो. दोन-तीन अटेम्प्ट गेल्यावर हातात काहीतरी असावं. मुक्त विद्यापीठातून, वैकल्पिक विषयातच एमए केलं तर अभ्यासही दुहेरी होत नाही. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. गावाकडे आई-वडिलांना "पोरगं काय करतंय?" या प्रश्नाला देण्यासारखं उत्तर मिळतं, हा फायदाही कमी नाही.

१७. माझ्याकडे जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आहे. तो सगळ्या परीक्षांना चालेल ना?

सर्वांत जास्त प्रवेश इथे अडकतात. राज्याच्या प्रवेशाला जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ते जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून येतं आणि वेळ खातं. केंद्रीय संस्थांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातला लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला अपलोड केला तर तुमचा अर्ज खुल्या प्रवर्गात जाऊ शकतो. तहसील कार्यालयात किंवा सेतूत अर्ज करताना "केंद्रासाठी" असं स्पष्ट सांगा.

राज्यात व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) किंवा एसबीसीत (विशेष मागास प्रवर्गात) असाल तर केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात आहे का ते स्वतः पाहा. त्या यादीत हे प्रवर्ग वेगळे नाहीत. एसईबीसी (मराठा) आरक्षण फक्त राज्यापुरतं आहे, आयआयटी किंवा आयआयएमला ते लागू नाही.

१८. फीचे पैसे नाहीत. कर्ज काढू का?

आधी महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या पाहा, मग बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या योजना. या संस्था काही परीक्षांचं मोफत प्रशिक्षणही देतात. त्यानंतर कर्ज. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. जुन्या करपद्धतीत कलम ८०-ई खाली व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते.

किती कर्ज झेपेल याचा हिशेब प्रश्न ११ मधल्या पद्धतीनेच करा. वडिलांची जमीन तारण ठेवायची वेळ येत असेल तर त्या कॉलेजचा मध्यम पगार दोनदा तपासा.

१९. शेवटच्या सेमिस्टरला केटी राहिली. प्रवेश मिळेल का?

परीक्षा देता येते, प्रवेशाचा प्रश्न वेगळा. बहुतेक संस्था तात्पुरता प्रवेश देतात आणि ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तीर्ण गुणपत्रक मागतात. ती तारीख उलटली तर जागा जाते आणि फीचा परतावाही नियमांप्रमाणे कापून मिळतो. पुनर्मूल्यांकनाचा निकाल वेळेत येईल या भरवशावर राहू नका. प्राचार्यांच्या सहीचं, निकाल प्रलंबित असल्याचं पत्र आधीच काढून ठेवा.

२०. लग्नानंतर नाव बदललंय. मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. फॉर्मवर काय लिहू?

आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, त्यामुळे हा प्रश्न मुलींना हमखास येतो. परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र नेणार, त्याच्याशी फॉर्मवरचं नाव जुळलं पाहिजे. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद ठेवा. फॉर्म भरायला अजून वेळ असेल आणि आधार बदललेलं नसेल, तर प्रवेश पूर्ण होईपर्यंत ते बदलूच नका.